सहा तासांची सोबत

दोन वर्षं आणि सात महिन्यांत तस्लीम शिकलगारनं अठ्ठावन्न माणसं जमवली होती. तिचा आतेभाऊ तन्वीर याच्या मते हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

"अठ्ठावन्न!" तो म्हणाला. "आपा, आमच्या गल्लीत लग्नाच्या एका पंगतीला ह्यापेक्षा जास्त माणसं बसत्यात."

"ती जेवायला बसत्यात," तस्लीम म्हणाली. "ही ऐकायला बसत्यात. फरक आहे की."

मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत तस्लीमचं दुकान होतं. खाली काम, वर घर. ती तंबोरे बनवायची, आणि त्याहून जास्त तंबोऱ्यांची जवारी लावायची. तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद, चपट्या, हाडाच्या पुलावरून जातात त्याला घोडी म्हणतात. घोडीची पाठ कानशीनं इतकी हळुवार उतरवायची की छेडलेली तार तिला एकाच जागी टेकणार नाही, थरथरत तिच्या उतारावरून सरकेल. तसं झालं की एका तारेतून सुरांचा थवा उठतो. हे काम मोजपट्टीनं होत नाही, कानानं होतं. आणि कानस एकदा जास्त फिरली की संपलं. काढलेलं हाड परत चिकटवता येत नाही.

दर बुधवारी दुपारी चार ते पाच ती हे काम 'सोबत'वर दाखवायची. बोलायची कमी. बहुतेक वेळ कानशीची खसखस, मग चार तारा, मग परत खसखस. नवीन माणूस जोडलं गेलं की ती त्याला एवढंच सांगायची, "तुमच्या घरातला एक आवाज आठवडाभर ऐका आणि मला सांगा." पाथर्डीच्या एसटी आगारातले मेकॅनिक विलास ढाकणे यांनी पाण्याच्या मोटरीचा आवाज सांगितला होता, थंडीत ती वरच्या सुरात सुरू होते आणि तापली की अर्ध्या सुरानं खाली येते. आरमोरीच्या दवाखान्यातली नर्स प्रणोती बोरकुटे हिनं सलाइनच्या स्टँडच्या चाकांचा. तस्लीम प्रत्येकाचं ऐकायची आणि प्रत्येकाला स्वतः उत्तर द्यायची. दिवसाला दोन-तीन उत्तरं झाली की ती थांबायची. त्यापुढं कान थकतो, असं ती म्हणायची.

अठ्ठावन्न हा आकडा लहान का राहिला आणि लहान असूनही तस्लीमला तो मोलाचा का वाटायचा, हे कळायला 'सोबत' म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं.

काही वर्षांपूर्वी लाखांचे आणि कोटींचे आकडे एकाएकी निरर्थक झाले. पाहणारी यंत्रं, वाहवा करणारी यंत्रं आणि भांडणारीही यंत्रंच. खरं माणूस कुठलं ते कुणालाच सांगता येईना. त्याच सुमारास पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतलं जुनं निरीक्षण उपयोगी पडलं. माणसाचं हृदय घड्याळासारखं चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सेकंदाच्या काही शतांशांनी सतत कमीजास्त होत असतं, आणि श्वासाबरोबर मनात काय चाललंय याचाही त्यावर परिणाम होतो. दहा माणसं दहा घरांत बसून एकच गोष्ट मन लावून ऐकत असतील, तर त्या दहा जणांच्या हृदयांचं हे कमीजास्त होणं एकमेकांसारखं होऊ लागतं. मन भरकटलं की साम्य मोडतं. याला 'सहस्पंद' असं नाव पडलं, आणि 'सोबत' हे माध्यम त्यावरच उभं राहिलं.

कानात बसणारा एक मणी निघाला. दिसायला मोत्यासारखा, म्हणून लोक त्याला मोतीच म्हणू लागले. तो कानाच्या त्वचेवर बारीक हिरवा प्रकाश टाकून ठोके मोजायचा, आणि कानातल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यावरून मालकाला ओळखायचा. हे जाळं बोटाच्या ठशासारखं ज्याचं त्यालाच असतं. तुम्ही एखाद्याचं एकूण सहा तास खऱ्या लक्षानं ऐकलंत, की तुम्ही त्याचे सोबती. महिनाभर ऐकलं नाहीत तर सोबत आपोआप सुटायची. एका माणसाकडे दिवसाला लक्ष असतं ते किती! त्यामुळं दोन कोटी चाहते असलेल्या एका नटाच्या वाट्याला अकरा हजार सोबती आले, आणि त्यानं आठवडाभर घराबाहेर पाऊल टाकलं नाही म्हणतात.

मोती दोन्ही बाजूंनी मोजायचा. सोबत्यानं निरोप पाठवला आणि तुम्ही तो ऐकलात, तर तुमचं लक्ष होतं की नव्हतं तेही त्याला कळायचं. यामुळं कित्येक घरांत भांडणं झाली, दोन-तीन सोयरिकी मोडल्या आणि काही जुळल्याही.

एप्रिलच्या शेवटी भीमाकाठाहून इंदुबाई गवंडांचा फोन आला.

तंबोऱ्याचा तुंबा ज्याचा करतात तो भोपळा कुठंही पिकत नाही. जाड सालीच्या, कडू, घागरीएवढ्या गोल भोपळ्याचा तो वेल इंदुबाईंच्या सासूनं लावला होता, आणि त्या पट्ट्यात तो लावणाऱ्या आता एकट्या इंदुबाईच उरल्या होत्या. बाकीची दुकानं कारखान्यातून ओतून आलेल्या तुंब्यांवर गेली होती. ते तुंबे वाईट नव्हते. पण शंभरच्या शंभर एकाच घशाचे. वेलावरच्या भोपळ्याची साल कुठं दोन सूत, कुठं तीन सूत. त्यामुळं प्रत्येक तंबोरा आपल्या आवाजात बोलतो. तस्लीम वर्षाला नऊ भोपळे घ्यायची.

"नऊवर न्हाई भागायचं गं आता," इंदुबाई म्हणाल्या. "सोलरवाले आल्यात. सत्तावीस वर्साचा करार म्हनत्यात. पोरगा तयार हाय. त्याला म्हनलं, अर्धा एकर तेवढा माझ्यासाठी सोड. तर म्हनतो, चाळीस भोपळ्यांचं गिऱ्हाईक दाव, सोडतो."

"किती दिवस आहेत?"

"मे सरंस्तोवर. जूनमदी बी टाकायचं आस्तंय. आन् ऐक, मी तुला गळ घालीत न्हाई. न्हाई जमलं तर न्हाई. मला आपलं सांगावं वाटलं."

त्यांनी फोन ठेवला. वर माळ्यावर नऊ भोपळे वाळत टांगलेले होते. तस्लीम बराच वेळ त्यांच्याकडं बघत बसली. हे नऊ संपले की तिच्या दुकानात लाकूड असणार होतं, तारा असणार होत्या, कानशी असणार होत्या, आणि त्यातून आवाज निघायला काहीच नसणार होतं.

तन्वीरची सांगलीत लक्ष वाढवून देणारी एजन्सी होती. माणूस मनाचा चांगला. फक्त घाई त्याच्या अंगात लहानपणापासून होती. सारी हकीगत ऐकून तो म्हणाला, "चाळीस गिऱ्हाइकं पायजेत ना? मग हजार माणसं जमव. हजारात चाळीस निघत्यात."

"हजार जमवायला मला चाळीस वर्षं लागतील."

"दचका दे त्यांना."

"काय?"

"दचका, आपा! धंद्यातलं गुपित सांगतो तुला. मोती बघतो सगळ्यांची हृदयं एकसारखी चालली का. कशानं चालली ते त्याला कुठं कळतंय? शंभर माणसांना एकदम दचकवलं की शंभर हृदयं एका उडीत एकसारखी. पुढं दोन-तीन मिनिटं तशीच धावत्यात. मोत्याला वाटतं, वा, काय लक्ष आहे! ती दोन मिनिटं तो पंधरा मिनिटांसारखी मोजतो. लोक तोच तुकडा परत परत लावत्यात, दुसऱ्याला पाठवत्यात. आठ दिवसांत सहा तास भरत्यात." त्यानं माळ्याकडं बोट दाखवलं. "एक भोपळा पाड वरून."

"तौबा!"

"किडका पाड की. किडका एक असंलच."

किडका एक होता. तस्लीमनं दोन दिवस विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी तो एका दोरीला बांधला.

बुधवारी तन्वीर समोर आकड्यांचा पडदा घेऊन बसला. त्यानं आपल्या ओळखीतून तीन हजार सातशे माणसं आणली होती. ठरलं असं होतं: तस्लीमनं नेहमीसारखं काम करत राहायचं, पंचविसाव्या मिनिटाला पायानं दोरी ओढायची. तिच्या पुढ्यात कुडाळच्या गायन शिक्षिका निर्मलाताई केळुसकर यांचा तंबोरा होता. त्याची घोडी जवळजवळ झालेली होती. एक-दोन हात फिरले असते की काम पुरं. म्हणून तिनं ठरवलं, आज नुसतं घासल्यासारखं करायचं. कानस टेकवायची, दाबायची नाही.

पण तिच्या हाताला खोटं घासणं येतच नव्हतं. तेरा वर्षांची असल्यापासून त्या हातानं कानस धरली होती; कानस टेकली की तो आपसूक दाब द्यायचा, आणि थांब म्हणणारा कान एरवी त्याच्या सोबतीला असायचा. आज कान घड्याळाकडं होता. डोळा तन्वीरच्या पडद्यावर. एकवीस मिनिटं, बावीस, तेवीस.

पंचविसाव्या मिनिटाला दोरी ओढली. भोपळा फरशीवर असा फुटला की समोरच्या दुकानातला म्हातारा 'या अल्ला' म्हणत बाहेर आला. तन्वीरनं दोन्ही हात वर केले. पडद्यावरची रेघ सरळ छताला गेली होती.

"माशाल्ला, आपा! वाजव आता, वाजव!"

तिनं तार छेडली. ठण् असा एक कोरडा आवाज आला आणि मागं काहीच आलं नाही. थवा नाही, झुंड नाही. एखाद्यानं डबा वाजवावा तसं. तिनं दुसरी छेडली. घोडी गेली होती.

तिनं मोती काढून ठेवला आणि कार्यक्रम बंद केला. तन्वीर आनंदात होता. त्याला दोन आवाजांत फरक कळला नाही. तिनं त्याला तो सांगितलाही नाही.

सहा दिवसांत तीनशे चाळीस नवीन सोबती झाले. तस्लीमनं सगळ्यांना भोपळ्यांचं सांगितलं. दोघांनी होकार दिला, आणि त्यातल्या एकानं विचारलं की फुटलेला मिळेल का. बाकीच्यांचे निरोप एकाच जातीचे होते. पुढचा कधी पाडणार? दोन पाडा. मांजर ठेवा खाली.

ती ते ऐकायला बसली. सवयीप्रमाणं एकेक करून, शेवटपर्यंत. पण मोत्यापुढं लपवाछपवी चालत नाही. प्रत्येक निरोपापुढं, पाठवणाऱ्याला दिसेल असं, उमटत गेलं: 'ऐकलं. लक्ष नव्हतं.' 'ऐकलं. लक्ष नव्हतं.' एका मुलीनं उलट लिहिलं, 'मॅडम, निदान खोटं तरी वागा!' तस्लीमला हसू आलं आणि लाजही वाटली, कारण मुलीचं म्हणणं बरोबर होतं. यातल्या कुणाचं नाव तिला आठवत नव्हतं. कुणाच्या घरात कसला आवाज येतो ते तिनं विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात ढाकण्यांचा निरोप आला. तो ऐकायला तिला प्रयत्न करावा लागला नाही.

"ताई, नमस्कार. बुधवारी मी बसखाली उताणा होतो. कानात तुमची कानस चाललेली, एकदम निवांत. तेवढ्यात काय फुटलं ते फुटलं, अन् माझ्या हातातला पान्हा कपाळावर. चार टाके पडले. तक्रार नाही. पण एक विचारतो. तुम्ही दचकला नाहीत. माझ्या मोत्यात दिसलं, सगळे उडाले आणि तुम्ही जागच्या जागी. म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं. असं का केलं, ताई?"

तस्लीमनं आधी निर्मलाताईंना फोन लावला. हे पहिलं करायचं होतं.

"ताई, तुमची घोडी मी बिघडवली. जास्त उतरली."

पलीकडं पेटी वाजत होती, ती थांबली. "तुमच्या हातून?"

"लक्ष नव्हतं."

"कुठं होतं?"

"आकड्यावर."

"माझं एकदा परीक्षकांच्या तोंडाकडं होतं," निर्मलाताई म्हणाल्या. "एकोणीस वर्षांची होते. तो बेसूर पंचम अजून ऐकू येतो मला, पहाटे वगैरे. घोडी नवी करा. सावकाश करा हो. तोवर पेटीवर भागवते. मुलींना तंबोऱ्याची किंमत तरी कळेल."

पुढच्या बुधवारी तस्लीमनं कानस हातात घेतली नाही. ती म्हणाली, "आज काम नाही. आज सांगायचं आहे." आणि इंदुबाईंचा फोन, दोरी, किडका भोपळा, ढाकण्यांचे टाके, बिघडलेली घोडी, सगळं आहे तसं सांगितलं. तिसऱ्या मिनिटाला नवीन मंडळींची हृदयं आपापल्या वाटेनं निघून गेली. उरले ते जुनेच, त्यातलेही सात जण कामावर होते. एक्कावन्न. एक्कावन्न माणसं म्हणजे प्रत्येकाला एकेकदा बोलता येईल एवढीच.

आणि ती माणसं बोलली.

"मी तेव्हा सुई टोचत नव्हते म्हणून, नाहीतर ढाकणेदादांच्या शेजारच्या खाटेवर अजून एक असता," प्रणोती म्हणाली.

"आता माफी झाली ना?" ढाकणे म्हणाले. "मग पुढचं बोला. एक भोपळा माझा. काय करायचं असतं त्याचं?"

"तंबोरा करायचा असतो हो," वाईच्या सुनंदा फडतरे म्हणाल्या. त्या पासष्ट वर्षांच्या होत्या आणि कुणालाही मध्येच तोडायच्या. "तुम्हाला वाजवता येतो का?"

"तुम्हाला येतो?"

"मला तर गाताही येत नाही! म्हणून काय झालं? एक माझाही लिहा."

असे अकरा झाले. त्यापलीकडं कुणाची ऐपत नव्हती किंवा जागा नव्हती, आणि तस्लीमनं कुणाला गळ घातली नाही. नव्यांतले दोन धरून तेरा.

"तेरा लई झाले गं," इंदुबाई फोनवर म्हणाल्या. "पर चाळीस न्हाईत." मे संपला. पोरानं सही केली. इंदुबाईंनी ते फोनवर कळवलं तेव्हा त्याचा आवाज मागून येत होता. तो रागावलेला नव्हता, नुसता अवघडलेला होता. महिनाभरात शेतात खांब उभे राहणार होते.

शिकलगारांच्या घरात एक रीत होती. भोपळा कापला की आतलं बी दुकानात ठेवायचं नाही. धुऊन, वाळवून, फडक्यात बांधून पिकवणाऱ्याकडं परत पाठवायचं. लाकूड विकत घेतलं ते आपलं, भोपळा विकत घेतला तोही आपला, पण बी त्या घरचं. तस्लीमच्या आजोबांनी इंदुबाईंच्या सासूला तसंच पाठवलं होतं. या वर्षी कापलेल्या आठ आणि फुटलेल्या एका भोपळ्याचं बी फडक्यात बांधून तयार होतं, आणि पाठवायला शेत नव्हतं.

तिनं परत फोन लावला. "इंदुबाई, तुमचं बी माझ्याकडं आहे. परत कुठं पाठवू?"

पलीकडं इंदुबाईंनी शेरडांना हाकललं.

"माझ्याकडं आता अंगन हाय आन् शेरडं हायेत," इंदुबाई म्हणाल्या. "येल लावला तर शेरडं खात्याल. तुज्याकडं कुनी राखनारं हाय का?"

"भोपळा घेणारी तेरा आहेत."

"घेनारी न्हाई म्हनत मी. राखनारी."

तो प्रश्न तस्लीमनं बुधवारी आहे तसा पुढं ठेवला. त्रेचाळीस जणांनी हो म्हटलं. ज्यांच्याकडं भोपळा घ्यायला पैसे नव्हते त्यांच्याकडं परस होतं, गच्ची होती, आगाराच्या मागचा भंगाराचा कोपरा होता. बी पाकिटातून त्रेचाळीस गावांना गेलं.

आणि इंदुबाईंच्या कानात मोती आला. तन्वीरच घेऊन गेला. मिरजेहून मोटरसायकलवर, स्वतःच्या खर्चानं, आणि एकटाच. "मला भोपळा फोडायची अक्कल होती," तो म्हणाला, "निदान मोती बसवायची तरी दाखवतो."

हा वेल आणि भाजीचा दुध्या हे शास्त्राच्या हिशेबानं एकाच जातीचे, सख्ख्या भावंडांसारखे. शेजारच्या दुध्याचा पराग याच्या फुलावर पडला तर फळ गोलच येतं. पण त्यातलं बी बिघडतं आणि पुढच्या वर्षी वेलाला ना धड भाजी लागते ना धड तुंबा. इंदुबाईंच्या शेताच्या आसपास दुध्या नव्हता. त्रेचाळीस गावांत तो घरोघर होता. म्हणून काम हातानंच करायचं. फुलं दिवस मावळताना उमलतात, पांढरी, मऊ. मादी फुलावर आदल्या दुपारीच कापडी पिशवी बांधायची, संध्याकाळी त्याच वेलाचं नर फूल तोडून तिच्यावर फिरवायचं, आणि पिशवी परत बांधायची.

ऑगस्टभर रोज साडेसहाला इंदुबाई ओसरीवर बसून फोनच्या पडद्यावर त्रेचाळीस अंगणांकडं बघायच्या.

"काकू, ते नर फूल हातात घेऊन हुबं काय ऱ्हायलाय? पूजंला बसलाय व्हय? फिरवा की!"

"फिरवतेय हो! मला मधेच बोलू नका," सुनंदाताई म्हणायच्या.

"अवो ढाकने, फळाखाली काय घातलंय त्ये?"

"टायर आहे. फळ सरळ बसावं म्हणून."

"टायर!" इंदुबाई वाकून बघायच्या. "चालंल. आत गवात घाला."

पंधरा दिवसांत इंदुबाईंना पंचावन्न सोबती झाले. तस्लीमनं हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्येनी काय हुतंय?"

आरमोरीचा वेल माकडांनी नेला. प्रणोतीनं सांगताना रडू आवरलं नाही, आणि त्या संध्याकाळी बेचाळीस अंगणांतलं काम अर्धा तास थांबलं. एक वेल कुणाच्या सासऱ्यांनी गवत समजून उपटला. एकाला भोपळा आला तो असा लांबुळका की इंदुबाई पदर तोंडावर घेऊन हसल्या. पण एकोणीस वेलांनी फळ धरलं. हिवाळाभर फळं वेलावरच वाळली. फेब्रुवारीपासून मालक बोटानं टकटक करायचे आणि तस्लीम मिरजेत डोळे मिटून ऐकायची. या माणसांना कान होता. तीनेक वर्षं त्यांनी तिच्याबरोबर खसखस ऐकली होती. साल कुठं पातळ आहे ते ती सांगायच्या आत त्यांनाच कळायचं.

"देठाकडं पोकळ वाजतोय, ताई."

"व्हय. मलाही तसंच आलं ऐकू."

काही फळं वाळताना सडली, काही तडकली; उन्हाळ्याच्या तोंडावर अकरा भोपळे मिरजेत पोचले. निवडायला इंदुबाई स्वतः आल्या. पोरगा गाडी घेऊन आला होता, तो दारातच उभा राहिला; मग तन्वीरनं त्याला चहाला नेलं. इंदुबाईंनी चटईवर मांडी घातली आणि एकेक भोपळा मांडीवर घेऊन फिरवायला सुरुवात केली. समोर फोन ठेवला होता, त्यात जवळजवळ सगळी मंडळी होती.

नखानं वाजवायच्या. कानाला लावून परत वाजवायच्या. पातळ निघालेले डावीकडं, चांगले उजवीकडं. सुनंदाताईंचा डावीकडं गेला. "बरं," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच पुढं काही बोलल्या नाहीत. दहा झाले तेव्हा उजवीकडं पाच होते.

अकरावा पाथर्डीचा. एसटीनं आला होता, जुन्या ट्यूबमध्ये गुंडाळून, गाठीवर गाठ मारून. त्याच्या एका अंगाला टायरची नक्षी उमटली होती. ढाकणे आगारातूनच बघत होते; मागं बस उभी होती आणि तिच्या दारात दोन कंडक्टर आणि एक ड्रायव्हर दाटीवाटीनं उभे होते.

इंदुबाईंनी तो मांडीवर घेतला. नक्षीवरून अंगठा फिरवला. देठाकडं वाजवला, बुडाकडं वाजवला, मध्ये वाजवला. मग त्यांनी तो उचलून तस्लीमकडं दिला. तस्लीमनं कान लावला. भोपळ्याच्या आत वाळकं बी सरसरलं आणि टकटक बुडापर्यंत जाऊन सावकाश परत आली. तिनं भोपळा इंदुबाईंच्या हातात परत दिला.

"आजी, जे असेल ते सांगा," ढाकणे म्हणाले. "मनाची तयारी आहे."

इंदुबाईंनी त्यांच्याकडं बघितलं नाही. त्यांनी पदरानं भोपळ्यावरची धूळ पुसली आणि विचारलं, "जूनमदी किती येल लावशीला?"

पाथर्डीच्या आगारात कुणीतरी बसचा भोंगा दाबला, आणि तो बराच वेळ सोडला नाही.